आत घेतलेली पँट

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. आधीच सांगून ठेवते, मला उचलायला याल तर कंबर कसून या. अंग बिडाचे आहे, मूठ लाकडाची आहे आणि झाकणाच्या कडीवर एक छोटा कोंबडा बसवलेला आहे. त्याची चोच कधीच तुटली, ऐट मात्र गेली नाही. माझीही गेली नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

एका ओतशाळेत लोखंडाच्या रसातून माझा जन्म झाला. तिथून मी बाजारात आले आणि एका तरुण शिंप्याने मला हेरले. त्याने मला एका हाताने उचलले, मनगट इकडे-तिकडे वळवून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाला, "हिला वजन आहे. कापड हिचं ऐकेल." तोच तरुण म्हणजे पुढचे आमचे मास्तर. खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद, उभा जिना. एवढ्या जागेत त्यांनी नाव कमावले.

कोट शिवण्यात मास्तरांचा हातखंडा होता. पण त्यांचा एक नेम होता. कापड कापायचे ते उभ्यानेच. कमरेएवढ्या उंच कटिंग टेबलापाशी ते दिवस दिवस उभे असत, एका हातात खडू, दुसऱ्या हातात कात्री. कोणी स्टूल पुढे केले की म्हणत, "बसून कापलं की हात आखडतो, आणि हात आखडला की कोट आखडतो." कापून झाले, शिवून झाले की माझी पाळी. पोटात निखारे घालून, राख फुंकून ते मला अशी सफाईने फिरवत, की माझे मलाच वजन वाटत नसे. गिऱ्हाइके कोट घालून आरशासमोर उभी राहायची आणि कौतुक मास्तरांचे व्हायचे. त्यातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घ्यायची.

मग दुकानात विजेची इस्त्री आली. हलकी, चकचकीत, शेपटी भिंतीत खुपसून बसणारी. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! माझी रवानगी वरच्या घरात झाली. गॅलरीचे दार वाऱ्याने आपटायचे, म्हणून मला त्याला टेकण लावून ठेवले. जिने कोटांच्या कॉलरी बसवल्या, ती आता दार सांभाळू लागली. एक मात्र झाले. त्या जागेवरून मला सगळी खोली दिसायची, म्हणून पुढची गोष्ट मी तुम्हाला सांगू शकते.

उतारवयात मास्तर आजारी पडले. छातीत कफ साठला, ताप उतरेना, बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून. जिना चढून वर आले आणि नंतर खाली उतरलेच नाहीत.

घरच्यांनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखे जपले. बायकोने, जिला सगळे काकू म्हणतात, पाण्याचा पेला हातात द्यायला सुरुवात केली. मुलगा खुर्चीतून उठवायचा, पलंगावर बसवायचा, चपला पायात सरकवायचा. मास्तरांनी नुसती मान वळवली तरी कोणीतरी धावत यायचे. ताप गेला, खोकला गेला, डॉक्टर म्हणाले आता हिंडा-फिरा. पण मास्तर खुर्चीतच राहिले.

आणि इथेच, मित्रांनो, फक्त शिंप्याच्या घरात होईल अशी चूक झाली. मास्तरांची पँट कमरेत सैल झाली. शिंप्याच्या घरात सैल पँट म्हणजे नामुष्की! मुलाने ती लगेच खाली नेली आणि आत घेतली. काही दिवसांनी मांड्यांवर लोंबू लागली, तिथे आत घेतली. सदऱ्याचे खांदे उतरले, तेही उचलले. मुलगा बापाचाच चेला, टीप अशी की बाहेरून पत्ता लागू नये. त्यामुळे मास्तर खुर्चीत बसलेले कायम नेटके दिसायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "वा मास्तर, आहात तसेच आहात!" घरच्यांनाही तसेच वाटायचे. माणूस आत आत चालला होता आणि कपडे त्याच्या मागोमाग जात होते.

एके दिवशी मुलगा वर आला आणि चाचरत म्हणाला, "बाबा, खालचं कटिंग टेबल काढावं म्हणतो. तयार कपड्यांचं कपाट ठेवायला तेवढीच जागा होईल. तुम्हाला कापायची इच्छा झाली तर वर एक लहान टेबल आणून देतो. बसून कापा."

मास्तरांनी विचारले, "कपाट कधी आणणार?"

"पावसाळा संपला की."

"मग तोपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. मी खाली येतो. माझ्या पायांनी येतो."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असेच मुलाला वाटले असणार. पण काकूंनी दुसऱ्याच दिवशी एका बाईला बोलावून आणले. ती शेजारच्या रस्त्यावरच्या जिममध्ये शिकवायची आणि वयस्कर लोकांना घरी जाऊन व्यायाम शिकवायची. घरात सगळे तिला ट्रेनरबाई म्हणू लागले.

ट्रेनरबाई आली, डॉक्टरांचे कागद नीट वाचले आणि खुर्ची ओढून मास्तरांसमोर बसली. "मास्तर, हात न लावता उठून दाखवा."

मास्तरांनी जोर केला. उठता येईना. मुलगा सवयीने पुढे धावला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "हात खिशात घाला. यापुढे हा घरचा नियम. ते मागतील तेव्हाच हात द्यायचा."

मास्तर वरमले होते, पण नजर शिंप्याची. "खिशाचं मला सांगू नका," ते म्हणाले. "आधी स्वतःचा खिसा बघा. टीप सुटलीय. किल्ल्या पडतील एखाद दिवशी."

ट्रेनरबाईने आपल्या ट्रॅकपँटच्या लोंबणाऱ्या खिशाकडे पाहिले. "असू दे. तुम्ही खाली दुकानात उभे राहून शिवून द्या. तोपर्यंत फाटकाच वापरते."

मग ती मास्तरांचे गुडघे तपासायला वाकली. पँट वर सरकवताना तिच्या बोटांना आतली शिवण लागली. जाडजूड, घडीवर घडी. तिने कापड उलटून पाहिले. "हे काय आहे?"

"आत घेतलंय," मुलगा अभिमानाने म्हणाला. "सैल झाली की घेतो. बाहेरून काही दिसतंय का सांगा!"

"नाही दिसत," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हालाही दिसलं नाही." तिने त्या घड्या एकेक करून त्याला दाखवल्या. "हे सगळं तुमच्या वडिलांच्या अंगावरचं मांस होतं."

काकू मटकन पलंगावर बसल्या. मुलाचा चेहरा उतरला. त्याने वडिलांच्या पोटरीला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. मला तर रडू येण्याची सोय नाही, पण असती तर तेव्हा मी गंजले असते.

"कापड शिल्लक आहे ना आत?" मास्तरांनीच विचारले.

"आहे, बाबा. कापलेलं नाही. सगळी माया ठेवलीय." शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

"मग झालं तर! जे आत घेतलं ते बाहेर काढता येतं. बाई, सांगा काय करायचं ते."

ट्रेनरबाईने पिशवीतून दोन गुलाबी डंबेल्स काढली. मास्तरांनी ती हातात घेऊन, उलटसुलट करून परत दिली. "ही खेळणी लहान मुलांना द्या."

"मग तुम्ही आयुष्यभर काय उचललंत?"

मास्तरांनी मान वळवली. थेट माझ्याकडे!

मित्रांनो, मला दारापासून उचलले तेव्हा दार धाडकन आपटले. आपटू दे! ट्रेनरबाईने मला टेबलावर ठेवले. मास्तरांनी मुलाचा हात मागून घेतला, उभे राहिले आणि माझी मूठ धरली. तीच पकड, तीच बोटे. पण मी जागची हलले नाही. ज्या हाताने मला दिवसभर खेळवले, त्या हाताला मी जड झाले होते. त्या क्षणी मला माझ्या वजनाचा पहिल्यांदा राग आला. मास्तरांनी दुसरा हात लावला, दात आवळले आणि मला टेबलावरून बोटभर वर काढले.

"आज एवढं पुरे," ट्रेनरबाई म्हणाली.

"पुन्हा एकदा," मास्तर म्हणाले.

तिथून रोजचा रगाडा सुरू झाला. खुर्चीतून हात न लावता उठायचे. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मला हातात घेऊन गॅलरीपासून खिडकीपर्यंत चालायचे आणि परत यायचे. काकूंना हुकूम सुटला होता, की प्रत्येक जेवणात अंडी, दूध, काहीतरी ताकदीचे हवेच. मास्तर कुरकुरायचे, "मला काय आखाड्यात उतरायचंय?" काकू म्हणायच्या, "नुसतं दुकानात उतरा, तरी पुष्कळ झालं."

सगळ्यात कठीण व्यायाम मुलाला होता. बाप धडपडत उठतो आहे आणि आपण खिशात हात घालून उभे राहायचे. त्याच्या खिशातल्या मुठी बाहेरून दिसायच्या. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात, तशी मास्तरांच्या अंगात ताकद साचत गेली. मला ते आता एका हाताने उचलू लागले.

पण ताकद आली की घाईही येते. एका दुपारी काकू जरा पडल्या होत्या. मास्तरांनी मला उचलले आणि एकटेच जिन्याकडे निघाले. एका हातात कठडा, एका हातात मी. इस्त्री घेऊन दुकानात उभे राहायचे आणि मुलाला चकित करायचे, असा बेत होता. निम्मा जिना उतरला आणि त्यांचे गुडघे लटपटू लागले. ते पायरीवर बसले. खाली जाता येईना, वर येता येईना. शेवटी मुलाला हाक मारावी लागली. ती हाक मारताना त्यांचा आवाज केवढासा झाला होता! मुलाने त्यांना जवळजवळ उचलूनच वर आणले.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीतून उठलेच नाहीत. मुलगा खालून एक बुटके टेबल घेऊन आला आणि त्यांच्यासमोर ठेवून गेला. त्यानेही आशा सोडली होती.

ट्रेनरबाई आली. तिने आधी ते टेबल पाहिले, मग मास्तरांना. "चूक माझी आहे," ती सरळ म्हणाली. "चढायला जोर लागतो, तो तुम्ही कमावला. उतरायला तोल आणि ताबा लागतो. ते शिकवायच्या आधीच तुम्ही निघालात. आणि जिन्यात हातात वजन घेऊन जातं का कोणी? आता आपण बसायला शिकू."

"बसायला?" मास्तर भडकले. "उभं राहण्यासाठी तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही मला बसायला शिकवणार?"

"तुम्ही बसत नाही, पडता. धपकन. खुर्ची होती म्हणून बरं. सावकाश बसा. पाहिजे तिथे थांबता आलं पाहिजे. ज्याला सावकाश बसता येतं, त्याला जिना उतरता येतो."

मास्तर तणतणत उठले. मग सावकाश, फार सावकाश खाली गेले आणि मध्येच थांबले. मांड्या थरथरत होत्या, कपाळावर घाम होता. तरी ते थांबून राहिले. मग सरळ उभे राहून त्यांनी पायाने ते बुटके टेबल बाजूला सरकवले. "हे खाली घेऊन जा रे!" त्यांनी मुलाला हाक मारली. आणि ही हाक चांगली रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. सकाळी मास्तर पँट चढवताना चिडले. "कशी शिवलीस ही? मांडीत आवळतेय, कमरेला बटण लागत नाहीये. हात बिघडला तुझा!"

मुलगा धावत आला. त्याने शिवणीवरून बोट फिरवले, आणि तसाच खाली बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "हात नाही बिघडला, बाबा. शिवण होती तिथेच आहे. तुम्ही भरलात."

त्याच दिवशी मास्तर जिना उतरले. सदरा बाहेर सोडून, पट्ट्याने पँट कशीबशी सांभाळून. पुढे दोन पायऱ्या खाली ट्रेनरबाई, मागे मुलगा, हात खिशात. सगळ्यात मागे काकू, मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मधल्या पायरीवर मास्तर थांबले. पण ते दम घ्यायला थांबले होते, पडायला नव्हे. मग पुढची पायरी, तिच्यापुढची, आणि दुकानाची फरशी.

टेबल जागेवरच होते. मास्तरांनी त्याच्यावरून तळवा फिरवला. काकूंनी सवयीने स्टूल पुढे केले. त्यांनी नुसते पाहिले. काकूंनी स्टूल मागे घेतले.

उभ्यानेच त्यांनी आधी ट्रेनरबाईचा खिसा शिवायला घेतला. ती जिममधून दुसरी पँट घालूनच आली होती, फाटकी पिशवीत होती. मग मास्तर पडद्याआड गेले, मुलाचा पायजमा घालून आले आणि आपली पँट उलटी करून टेबलावर पसरली. मुलगा एका बाजूने टीप उसवू लागला, मास्तर दुसऱ्या बाजूने. घड्या एकेक करून सुटत गेल्या. नवी शिवण मारून झाल्यावर मुलाने विजेच्या इस्त्रीकडे हात नेला.

"ती नको," मास्तर म्हणाले. "हिच्यात कोळसे घाल."

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पोटात निखारे पडले! मास्तरांनी मला एका हाताने उचलले, मनगट इकडे-तिकडे वळवले आणि त्या कापडावर टेकवले. मी जड आहे हे मला पुन्हा जाणवेनासे झाले. जुन्या शिवणींच्या रेषा कापडावर उरल्या होत्या. मुलगा म्हणाला, "थोडं पाणी मारून पुन्हा फिरवा, जातील." मास्तर म्हणाले, "राहू देत. तुझ्या लक्षात राहील."

तयार कपड्यांचे कपाट आले, पण ते कोपऱ्यात अवघडून उभे आहे. मी आता दुकानातच असते. आठवड्यातून एकदा मला तापवतात, आणि रोज सकाळी मला हातात घेऊन मास्तर दुकानात येरझाऱ्या घालतात. त्यात खंड पडला की ट्रेनरबाई ओरडते.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांचे कपडे सैल दिसले, तर सुई-दोरा नंतर घ्या. आधी त्यांना विचारा, "चला, जरा उठून दाखवता का?" आणि ते उठत असतील तेव्हा, मन कितीही धावले तरी, हात क्षणभर खिशात ठेवा.

आणि हो, वरच्या गॅलरीचे दार आता आपटत नाही. त्याला ट्रेनरबाईने ठेवून दिलेली ती दोन गुलाबी डंबेल्स लावली आहेत.