नसलेला खडक

बदल: उत्तनसमोरच्या समुद्रात एक खडक वाढवला.
टीप: भरतीला बुडतो.
करणारा: एल्रॉय.

खडक तिथे नाही. तिथे खोल पाणी आहे.

हा नकाशा एल्रॉय आणि रोहितने सुरू केला होता. चर्चमधली रविवारची मिस्सा बुडवून, एल्रॉयच्या बापाच्या बोटीतून, दोरीला शिसं बांधून खोली मोजत. मग आणखी पोरं आली. पगार कुणालाच नाही. नियम दोन. डोळ्यांनी पाहिलं नाही ते नकाशात टाकायचं नाही. आणि नकाशा कुणीही घ्यावा, विकावासुद्धा, फक्त खाली आमची नावं लिहावीत.

एका कंपनीने घेतला. नावं लिहिली नाहीत. रोहितलाही घेतलं.

एल्रॉय पूनम सागर सोसायटीत रोहितच्या नव्या घरी गेला, तेव्हा नव्या सोफ्याचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"आमचा सर्व्हे आमचा आहे," रोहित म्हणाला. "पुरावा आहे काय तुझ्याकडे? समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो रे."

"दोरी माझ्या बापाची होती."

"मग दोरीवर नाव लिहायचं ना."

म्हणून खडक. समुद्रात नसलेली गोष्ट कंपनीच्या नकाशात निघाली, तर ती एल्रॉयच्याच नकाशातून गेलेली असणार.

बदल: काही नाही.
टीप: वाट बघतोय.

खडक सापडला तो घरातच, बापाच्या मोबाईलवर. फ्रँक कंपनीचं ॲप वापरत होता.

"पप्पा, माझा नकाशा असताना?"

"तुझा मुका हाय. यांची बाई बोलते. वर रेनकोट पण दिला." फ्रँक हसला. "तू काय दिलंस रे? उपदेश."

एल्रॉयने मोबाईल हिसकावून खडकाचा फोटो काढला. खडक खोटा आहे हे अगदी ओठांवर आलं होतं. पण बाप धक्क्यावर बडबडला असता, कंपनीला कळलं असतं, खडक पुसला गेला असता. वकील म्हणाला होता, कंपनीला नोटीस जाईपर्यंत गप्प बस. आणि तसंही बाप तिथून डोळे मिटून बोट नेतो.

त्या सकाळी बोट बापाने नेली नाही.

बदल:
टीप:

धुकं होतं. फ्रँक अंगात ताप घेऊन बोटीतच आत पडला होता. सुकाणूवर पिंटू, नवा खलाशी. मोबाईलमधली बाई म्हणाली, पुढे खडक आहे, डावीकडे वळा. पिंटू वळला. डावीकडे पाणी उथळ होतं. ते कुठल्याच नकाशात नव्हतं. मोजायचं राहिलं होतं. रोहितला नोकरी लागली आणि रविवार संपले.

बोट आपटून पलटली. पिंटू पोहत आला. फ्रँक तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

"बाई बोलली म्हणून मी तरी वाचलो," पिंटू सांगत सुटला. "न्हायतर खडकावरच फुटलो असतो."

धक्क्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "तो खडक जुनाच हाय. माझा आजा सांगायचा."

दफनाला रोहित आला. कंपनीचं पुष्पचक्र त्याच्याच हातात होतं. फाटकापाशी त्याने एल्रॉयला बाजूला घेतलं.

"नोटीस पाठवणार होतास म्हणे. पाठव. खडक तू बनवलास हे कोर्टात सांग. मम्मीलाही आण ऐकायला."

"तुला माहीत होतं?"

"तिथे दोरी मीच सोडली होती. शिसं तळाला लागलंच नव्हतं."

"मग काढला का नाहीस?"

"तू का नाही काढलास?"

आठवड्याने बर्नडेट मुलासमोर येऊन बसली. "तुझ्या नकाशात हाय ना तो?"

"हाय."

"बिननावाचा?"

"मम्मी, तो खडक..."

"माझा माणूस खाल्ला त्यानं. पप्पाचं नाव दे त्याला. लोकांनी नाव घेतलं पायजे."

ती उठेना. एल्रॉयने लॅपटॉप उघडला. टिपेची जागा रिकामी सोडून चालत नव्हतं.

बदल: खडकाला नाव दिलं. फ्रँकचा खडक.
टीप: प्रत्यक्ष पाहिलेला.
करणारा: एल्रॉय.

पुढच्या महिन्यात धक्क्यावरच्या बोटीबोटीतून कंपनीची बाई बोलू लागली.

पुढे फ्रँकचा खडक आहे. डावीकडे वळा.