दोराला हात

माणसाच्या हक्काच्या आड येणारा कुठलाही हात कायद्याच्या नजरेतून सुटत नाही... असं भारदस्त वाक्य रामकिशनला सुचलं ते तांब्यात तरंगणाऱ्या चिलटाकडे बघताना. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत चिलटासकट पाणी त्याच्या पोटात गेलं होतं.

लातूर जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शिक्के नवे, खुर्च्या नव्या. दुष्काळ तेवढा जुन्या जिल्ह्याकडून जसाच्या तसा वर्ग झालेला. रेणापूरकडच्या या गावात आता एकच सरकारी विहीर ओली होती, आणि तहसिलीचा कारकून म्हणून रामकिशन तिच्या काठावर खुर्ची टाकून बसला होता, तो एका रकान्यासाठी — तक्रारदार सरजाबाई, बौद्धवाडा, हिच्या पाणी भरण्यात हस्तक्षेप होतो काय?

"हस्तक्षेप?" सरपंच माधवराव मायेनं हसले. "उलट आमचा शिवप्पा भरून देतो की. दोर ओढायची तसदीसुद्धा देत न्हाई आम्ही बौद्धवाड्याला."

खरंच होतं. पोहरा घागरीला लागणार नाही एवढ्या उंचीवरून शिवप्पा धार सोडत होता, थेंब न सांडता. अडवणं नाही, शिवी नाही, धक्का नाही. कायद्याला अडथळा दिसायला कुणीतरी आडवं यावं लागतं. इथं तर सगळे सेवेला उभे... त्याला किळस आली. शिवप्पाची नव्हे, माधवरावांचीही नव्हे — स्वतःच्या जिभेची. सकाळी "कुणीकडचे?" विचारल्यावर ती "चाकूरकडचा" म्हणून थांबली होती. चाकूर हे काही आडनाव नव्हे, पण माधवरावांना तेवढं पुरलं आणि हा घासूनपुसून लख्ख तांब्या आला. आता 'होय' लिहिलं की पहिल्यांदा त्याचं आडनावच निघणार. आणि 'नाही' लिहिलं तर... माझी आई अशीच ओंजळ धरून उभी राहायची, उन्हात, वर न बघता — आणि मी तांब्या तोंडाला लावला, पाणी गोड लागलं, ते गोड लागणंच ओकून टाकावंसं वाटतंय.

सरजाबाईचा जबाब दोन ओळींचा. "मला कुणी अडविलं न्हाई, साहेब. पर मला माझ्या हातानं शेंदायचं हाय."

तिचं माहेर त्याच्या मावशीच्या गावचं. आल्याआल्या तिनं त्याला ओळखलं होतं आणि गप्प राहिली होती. तो गप्पपणा ओठावर बसलेल्या माशीसारखा. हाकलावा तर सगळ्यांना दिसणार.

त्यानं रकान्यावर पेन टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला — ना होय, ना नाही.

सरजाबाईनं डोक्यावर चुंबळ बसवली, भरल्या घागरीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत, शेजाऱ्याला सांगावं तशी म्हणाली,

"लिवनं होत राहील, भाऊ. जरा घागर उचलू लागा."