डॅशबोर्डवरचा कावळा

गुरुवारी दुपारी कवठे येमाईत हौसरावांच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिरूरहून जीपा भरभरून माणसं आली होती. वढूला समाधीच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं वाट वाकडी करून आली होती. या सगळ्यांनी हात जोडले होते ते एका मोटारीपुढे. काळी, लांबलचक परदेशी गाडी. एके काळी पुण्यातल्या कुणा बड्या असामीच्या बंगल्यापुढे मिरवलेली आणि मालक बदलत बदलत हौसरावांकडे आलेली. आता तिच्यावर मांडव होता, बॉनेटवर झेंडूचे हार होते, काचेवर भस्माचे पट्टे होते आणि चाकांपुढे लिंबं होती. हौसराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, दिवाळीनंतर वारले आणि आता ते या गाडीतून बोलतात, अशी पंचक्रोशीची खात्री पटली होती.

भैरव महाराज बॉनेटला टेकून उभे होते. भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्ष, डोळ्यांवर गॉगल.

"वाहन म्हंजी देहच हाय, मंडळी," ते सांगत होते. "चार चाकं म्हंजी चार पुरुषार्थ. ष्टेरिंग म्हंजी बुद्धी. आन् आत जो पिवळा दिवा पेटलाय, तो आबांचा अडकलेला जीव. इंजिन बंद करू नका रं, जिवाला ऊब लागती."

एका म्हाताऱ्याने बोअरला पाणी लागेल का म्हणून विचारलं. महाराजांचा चेला ज्ञानू स्टिअरिंगवर बसला होता. त्याने डोळे मिटून चाक फिरवलं आणि गाडीच्या पोटातून एक लांब, जड कण्हणं बाहेर आलं. दुखणाईत माणूस कूस बदलताना कण्हतो, अगदी तसं. बायकांनी पदर पसरले. आबा व्हय म्हणतात, असं महाराजांनी जाहीर केलं. पाणी लागणार. पुढच्याने पोराच्या नोकरीचं विचारलं, चाक फिरलं, पण गाडी गप्प राहिली. म्हणजे नोकरी नाही. तो बिचारा मान खाली घालून बाजूला झाला.

गर्दीच्या मागे सुलक्षणा उभी होती. हौसरावांची थोरली लेक, दौंडला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी. तिच्या पर्समध्ये काडेपेटीएवढी एक वस्तू होती, आणि डोकं संतापाने तापलेलं होतं.

सगळं सुरू झालं दशक्रियेच्या दिवशी. घोडनदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तिच्या धाकट्या भावाने, विक्रमने, हात जोडून आबांना एकेक वचन दिलं. शेत नीट बघीन, ताईचं माहेर तोडणार नाही, सगळं झालं. कावळे समोरच्या बाभळीवर ढिम्म बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं मोकळी झाली. पण मनं मोकळी झाली नाहीत. परतताना विक्रमने घाटाच्या वळणावर आबांची गाडी वळवली तेव्हा ती कण्हली, आणि समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्या दिव्यात इंजिनाचं चित्र असतं. मागे बसलेल्या चुलत्यांना मात्र त्यात पंख मिटून बसलेला कावळा दिसला. घाटावर न आलेला कावळा गाडीत येऊन बसला, असं ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

मग भांडगावच्या बाजूने भैरव महाराज हजर झाले. या घरात ते पहिल्यांदा येत नव्हते. आबांच्या छातीत कळा यायच्या तेव्हा ते अंगारा घेऊन आले होते आणि सारजाबाईने त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं होतं. सारजाबाई ही नात्यातली विधवा. सुलक्षणाची आई गेल्यापासून या घराची चूल तिच्याकडे. विक्रमला तिनेच भरवून मोठं केलं होतं. आबांना डॉक्टर पाहिजे, राख नको, असं तिने चार माणसांसमोर महाराजांना सुनावलं होतं. आबा डॉक्टरकडे उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले आणि हृदयविकाराने गेले. महाराज तो अपमान विसरले नव्हते.

मागच्या गुरुवारी त्यांनी गाडीला विचारलं, आबांवर करणी कुणी केली? गावातली दोन-चार नावं घेतली. गाडी गप्प. मग सारजाबाईचं नाव घेतलं आणि गाडी कण्हली.

त्यानंतर जे झालं ते सांगताना जीभ जड होते. बायकांनी तिला चुलीपुढून केसाला धरून ओढत आणलं. तिचे केस कापले. कुणीतरी काठी आणली आणि तिचा उजवा हात मोडला. विक्रम तिथेच उभा होता. त्याने कुणालाही अडवलं नाही.

सुलक्षणा शिरूरला दवाखान्यात धावली तेव्हा म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती रडेल, शिव्याशाप देईल असं सुलक्षणाला वाटलं होतं. तिने भलतंच सांगितलं.

"आबांचा आवाज मी वळखत न्हाई व्हय, ताई? आसंच कण्हायचं ते. माझ्याच हातनं काय तरी झालं आसंल. ह्या हातात आसं काय हाय, मलाच ठावं न्हवतं." थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "माझ्या हातचं काय खात जाऊ नगा आता."

हात आज ना उद्या सांधेल. पण ही बाई स्वतःला खुनी समजत जगेल आणि तसंच समजत मरेल. ते होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवूनच ती तिथून उठली.

गावातल्या पोरांनी महाराजांच्या गुरुवारच्या दरबाराचे व्हिडिओ मोबाईलवर टाकले होते. तिने ते पुन्हा पुन्हा पाहिले. बाकी सगळे आवाज ऐकत होते, ही पुढची चाकं बघत होती. 'व्हय' येई तेव्हा चाकं पार टोकापर्यंत वळलेली असत. 'न्हाई' येई तेव्हा नुसती जराशी हलत. दरबार संपताना महाराज आबांना शांत करायला म्हणून काचेवर भस्म फेकत आणि पिवळा दिवा विझे. पण त्याच्या जरा आधी ज्ञानूचा अंगठा मांडीवरच्या मोबाईलवर फिरलेला असे. पुढच्या गुरुवारपर्यंत दिवा पुन्हा पेटलेला. तिच्या स्वतःच्या जुन्या गाडीलाही एकदा हाच दिवा लागला होता, आणि तो का लागला ते मोबाईलवर वाचण्यासाठी आणि तिथूनच तो विझवण्यासाठी तिने एक छोटं यंत्र घेतलं होतं. ते आता तिच्या पर्समध्ये होतं.

राहता राहिलं कण्हणं. आबा होते तोवर गाडी कधी कण्हली नाही, असं गाव म्हणत होतं, आणि ते खरं होतं. का खरं होतं ते तिला आठवलं. आबा अधूनमधून बॉनेट उघडून एका बाटलीतून लालसर तेल ओतायचे. स्टिअरिंगचं तेल गळतंय, पाइप जुना झालाय, बदलू कधीतरी, म्हणायचे. डॉक्टरसारखंच तेही राहून गेलं. आबा गेले आणि ते तेल घालणारं कुणी उरलं नाही. तेल कमी पडलं, त्यात हवा शिरली, आणि चाक टोकाला नेलं की पंप कण्हायला लागला.

आता मांडवात महाराज शेवटचा प्रश्न विचारायच्या बेतात होते, सारजाबाईला गावात पुन्हा पाऊल ठेवू द्यायचं का. सुलक्षणा गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"बाप माझा आहे, महाराज. मी विचारते. ज्ञानूला खाली उतरवा."

महाराजांनी आधी सुतकाचं कारण पुढे केलं, मग बाईमाणसाला हे आसन चालत नाही म्हणाले, मग आत्मा कोपेल म्हणाले. गर्दीत चुळबुळ झाली. लेकीला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं, असं एक-दोन म्हाताऱ्या पुटपुटल्या. शेवटी विक्रमच म्हणाला, "बसू द्या. थोरली लेक हाय त्यांची."

ती स्टिअरिंगवर बसली आणि आधी डॅशबोर्डखाली हात घालून तिथे खोचलेलं एक लहानसं, लुकलुकणारं यंत्र उपसून काढलं. ज्ञानू मोबाईलवरून दिवा विझवायचा तो याच्यातून, असं लोकांना दाखवून तिने पर्समधलं आपलं यंत्र त्याच जागी लावलं आणि पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपुढे मोबाईल धरला. इंजिनाच्या धुरावर नजर ठेवणारा एक सेन्सर बिघडलाय, असं त्यावर लिहून आलं होतं. तिने मोबाईलवर बोट दाबलं. पिवळा दिवा विझला. ना भस्म, ना मंत्र. दोन-चार दिवस गाडी फिरवली की तो परत लागेल, ती म्हणाली, कारण बिघाड तसाच आहे.

मग तिने मोठ्याने विचारलं, "आबा, तुम्हाला भैरव महाराजांनी मारलं का?" आणि चाक टोकापर्यंत नेलं. गाडी कण्हली.

महाराज बॉनेटपासून मागे सरले.

"तुमच्या विक्रमने मारलं का?" गाडी कण्हली. "मी मारलं का?" गाडी कण्हली. "सारजामावशीने मारलं का?" यावेळी तिने चाक थोडंसंच फिरवलं. गाडी गप्प.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. पंप थांबला होता. चाक जड झालं, आवाज मात्र कसलाच आला नाही. किल्लीवर चालणारा आत्मा तुम्ही कधी ऐकला होता का, असं तिने विचारलं. मग तिने तेलाची, पंपाची, गळणाऱ्या पाइपाची सगळी गोष्ट सांगितली. गाडीखाली वाकून चिकट डाग बघा म्हणाली, तशी पाच-सहा माणसं वाकली.

बाईच्या अंगात दुष्ट शक्ती शिरलीय, असं महाराज ओरडायला लागले. बोअरवाला म्हातारा तेवढ्यात म्हणाला, "मंग माझ्या बोअरचं काय, महाराज?" कुणी हसलं नाही. हात उगारणाऱ्या बायका सगळ्यांच्या आधी निघून गेल्या. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, आणि महाराज व ज्ञानू दोघांनाही पोलिसांनी नेलं.

तेल मात्र सुलक्षणाने त्या दिवशी घातलं नाही. ते दुसऱ्या कुणासमोर घालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती गाडी तशीच, कण्हत कण्हत, शिरूरला दवाखान्याच्या आवारात आणली. मागे विक्रम बसला होता. सारजाबाई गाडीजवळ यायला तयार होईना. आवाज ऐकताच तिने डावा हात कपाळाला लावला. सुलक्षणाने तिला धरून स्टिअरिंगवर बसवलं, तिचा डावा हात चाकावर ठेवला, वर आपला ठेवला आणि दोघींनी मिळून चाक टोकाला नेलं. कण्हणं आलं.

मग सुलक्षणाने डिकीतून आबांची अर्धी बाटली काढली, बॉनेट उघडलं आणि तेल ओतलं. चाक दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकाला नेलं. आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

"आता तुम्ही फिरवा, मावशी. एकट्या."

सारजाबाईने एका हाताने चाक फिरवलं. हलकं फिरलं. काही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा फिरवून पाहिलं, मग पुन्हा.

"म्हंजी आबा ह्यात न्हवतंच?"

"नव्हतेच."

"आन् मी काय केलं न्हाई?"

"काही केलं नाही तुम्ही."

म्हातारीने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. ज्याला तिने घास भरवले होते तो तिथे बसला होता.

"मंग मला मारलं कशापायी, इक्रम?"

उद्या तुमच्या गावात एखादी गाडी, एखादा दगड किंवा एखादा महाराज कुणा बाईचं नाव घेईल, तेव्हा हात उचलण्याआधी एवढंच म्हणा, की हे कसं कळलं ते मला करून दाखवा, आणि चाक माझ्या हातात द्या. दिवा लागला तर गाडी तपासा, छातीत दुखलं तर डॉक्टर गाठा. सारजाबाईचा हात सांधला, पण वाकडाच सांधला, आणि त्या घरातली चूल तिने पुन्हा पेटवली नाही.