एक रीळ की दोन

गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं झाली तेव्हा कालिंदी परब चिंचपोकळी स्टेशनजवळ जगनशेठच्या दुकानात कामाला लागली. जळालेल्या पंख्यांचं, मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळायची. गिरणीत ती अकरा वर्षं वाइंडिंग खात्यातच होती. तिथे सूत होतं, इथे तांब्याची तार. धागा तुटायच्या आधी बोटांना कळतं, ते इथेही उपयोगी पडलं.

एका दुपारी हरेश्वर आला. माझगावच्या कोळीवाड्यातला, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात छोटा अँप्लिफायर.

"शेठ, हिचा आवाज बघा," म्हणत त्याने वायर लावली. तारेला हात न लावताच गिटार घूंऽऽ करायला लागली. त्याने ती दुकानातल्या ट्यूबलाइटकडे नेली तर आणखी मोठ्याने. "विकणारा म्हणाला, डबल कॉइलचा पिकअप आहे, अजिबात गुणगुणणार नाही. आणि स्टेजवर मधमाश्यांचं पोळं घेऊन उभा असल्यासारखं वाटतं."

जगनशेठने मीटर लावला. "आठ हजार ओम. एवढी तार म्हणजे डबलच आहे. अर्थिंग बघ तुझं."

कालिंदी हातातली मोटर ठेवून उठली. तारांखाली पिकअपची चकचकीत पत्र्याची रुंद डबी होती. "ह्याच्यात असतं काय रे?"

"लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तार गुंडाळलेली, काकी. वर गिटारची तार हलली की खाली करंट येतो. काहींत एक रीळ असतं, ते गुणगुणतं. काहींत शेजारी-शेजारी दोन असतात, ते गप्प."

"दोन असली की गप्प का?"

हरेश्वर हसला. "ते नाही बा माहीत. वाजवतो फक्त."

कालिंदीला ते सोडवेना. दोन रिळं उलटसुलट जोडली की बाहेरची घूं एकमेकांत मिटेल, हे तिला मोटरींवरून पटत होतं. पण मग गिटारचाही आवाज मिटायला हवा. तो का मिटत नाही? संध्याकाळपर्यंत मोटर भरता भरता ती तेच घोळवत राहिली, आणि शेवटी मोटरीच्या पोलांवर, चुंबकाच्या टोकांवर, अडकली. चुंबकही उलटे ठेवले असतील तर? उलट्याचं उलट म्हणजे सुलट. गाणं टिकेल, घूं तेवढी जाईल.

मोटरचे पोल तपासायचं छोटं होकायंत्र दुकानात होतं. दुसऱ्या दिवशी हरेश्वर आल्यावर तिने ते डबीच्या एका कडेला धरलं. सुईचं लाल टोक डबीकडे ओढलं गेलं. दुसऱ्या कडेला धरलं. तिथेही लालच.

"ह्यात दुसरं रीळ नाही. असतं तर तिकडे काळं टोक आलं असतं," ती म्हणाली.

"मीटर काय खोटं बोलतो?" जगनशेठ म्हणाले.

"खोटं नाही शेठ. लांब तार एका रिळावरही मावते."

हरेश्वरने डबीचा डाख सोडवून झाकण काढून दिलं. आत एकच रीळ होतं, जाडजूड, रुंद. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मला फसवलं."

कालिंदीचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती तार चिमटीत घेऊन तिची जाडी अजमावत होती. "मी दुसरं करून देऊ? बिनचुंबकाचं. ते गाणं ऐकणारच नाही, नुसती घूं ऐकेल."

तशी बारीक तार लॅमिंग्टन रोडला मिळाली. तिने लाकडाचं रीळ तासून घेतलं आणि मीटरवर आकडा जुळेपर्यंत हाताने गुंडाळत गेली. दोनदा तार तुटली. तिसऱ्या दिवशी रीळ गिटारच्या पोटात बसवलं, वायर लावली. घूं दुप्पट झाली.

"काकी!" हरेश्वरने कानावर हात ठेवले.

जगनशेठ हसले. पण कालिंदीचे डोळे चमकले. "वाढली म्हणजे ऐकतंय की ते! टोकं उलटी जोड."

टोकं उलटी जोडली. ट्यूबलाइटखाली धरली तरी गिटार जवळजवळ गप्प. हरेश्वरने एक सूर छेडला. आवाज थोडा मऊ झाला होता, पण स्वच्छ. तो किती तरी वेळ वाजवत राहिला, आणि शेजारचा पानवाला ऐकायला पायरीवर येऊन बसला.

पुढच्या रविवारी तो तिला भोईवाड्यात ऑर्केस्ट्राच्या तालमीच्या हॉलवर घेऊन गेला. वादकांनी गिटारी पुढे केल्या. एकीला दोन्ही कडांना लाल टोक: एक रीळ. दुसरीला इकडे लाल, तिकडे काळं: दोन. वाजवून बघितलं तर दोन्ही खरं निघालं.

मग दगडू नावाच्या वादकाची गिटार आली. बोटाएवढा अरुंद पिकअप, दोन्ही कडांना लाल.

"एकच," कालिंदी म्हणाली.

दगडूने वायर लावली. गिटार अगदी गप्प. सगळे हसले. कालिंदी ओशाळली, पण होकायंत्र पिशवीत टाकलं नाही. ती वाकून त्या अरुंद पट्टीकडे बघत राहिली. सुईला चुंबक कळतं, रीळ कुठे कळतं? हरेश्वरच्या गिटारीतलं तिचं रीळ तरी सुईला कुठे दिसलं असतं?

"शेजारी जागा नाही," ती हळूच म्हणाली. "एकावर एक असतील. खालचं नुसतं घूं ऐकायला."

दगडूने तिच्याकडे बघितलं, मग पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

"उघडा, काकी. मलाही बघायचंय."