सोबतच्या माणसाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मला तुमची कीव नको आहे. माझा एक पाय आखूड आहे, पाठीचं कापड विटलंय आणि स्वभाव नासलाय. तो कसा नासला, तेवढं ऐका.

मी मुळात चांगली होते. लोखंडी पाय, निळी गादी. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या बाजारपेठेत लोकांच्या ठेवी ठेवणारी आणि घरासाठी कर्ज देणारी एक पेढी होती, तिथे मला दारासमोर मांडलं होतं. एक म्हातारा खलाशी पैसे काढायला यायचा आणि माझ्यावर टेकून म्हणायचा, "ह्या इमारतीत माणसाला माणसासारखं वागवणारी एवढी एकच वस्तू आहे." त्या पेढीत माझं झालेलं कौतुक एवढंच.

पुढे हात असलेल्या नव्या खुर्च्या आल्या. मला दार अडवायला लावलं, त्यात पाय वाकला, आणि मग फिलिपाबाईंच्या खोलीत प्रिंटरशेजारी ढकलून दिलं. कर्ज मिळणार की नाही, हे फिलिपाबाई गोड हसून सांगायच्या. टेबलासमोरच्या दोन चांगल्या खुर्च्या कर्ज घेणाऱ्यांच्या. मी सोबत आलेल्या माणसाची. माझ्यावर बसलेल्याकडे बाई कधी बघायच्या नाहीत. पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला असता तर माझं डगमगणं थांबलं असतं, पण तेवढंही त्यांच्याकडून झालं नाही.

एके दिवशी ग्लेन आला. सोबत त्याची आई मॉरीन आणि बायको ओराथाई. ग्लेन आणि मॉरीन चांगल्या खुर्च्यांवर बसले, ओराथाई माझ्यावर. थायलंडहून लग्न करून आलेली ही पोरगी मासळीच्या कारखान्यात दिवसभर कॉड कापायची. सुरीने बोटं सोलवटलेली. घराच्या किमतीतले शंभराला पाच हाताशी असले तर बाकीचं कर्ज मिळतं, असं तिला कुणी सांगितलं होतं. तेवढे पैसे तिने आपल्या पगारातून जमवले होते.

"अडचण व्हिसाची आहे," फिलिपाबाई ग्लेनला म्हणाल्या. "तुमच्या पत्नी तुमच्यामुळे इथे आहेत, तेही मुदतीपुरत्या. त्यांचं नाव घातलं तर आमच्याकडे शंभराला पाचावर भागत नाही, पंचवीस लागतात."

"माझं नाव घाला की," मॉरीन म्हणाली. "मी काय मुदतीची आहे?"

बाईंनी लगेच एक कागद काढला. कर्ज आणि घर मायलेकांच्या नावावर. ओराथाईने लिहून द्यायचं की जमवलेले पैसे मी भेट दिले, घरावर माझा हक्क नाही, आणि हप्ते थकून पेढीने घर ताब्यात घेतलं तर मी मुकाट निघून जाईन. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं.

"सही कर गं," मॉरीन म्हणाली. "कागदच तर आहे. घर काय पळून जातंय?"

"घर नाही पळणार," ओराथाई म्हणाली. "मला पळवून लावाल."

"बघितलंस, ग्लेन? माझ्याच तोंडावर बोलते ही."

ग्लेन पुटपुटला, "अगं, नुसती सही तर आहे."

तेव्हा ओराथाई उठली. तिने मला धरलं आणि फरशीवरून करकरत ओढत थेट टेबलापाशी, मायलेकांच्या मध्ये आणून बसवलं. माझ्या अंगावर काटा आला, मित्रांनो. इतक्या वर्षांत त्या टेबलाची कड मी पहिल्यांदा जवळून पाहिली.

"मग असं करू," ती म्हणाली. "घर माझ्या आणि आईंच्या नावावर घेऊ. हप्त्यांचे पैसे तू भेट दे, हक्क सोड, हाकललं की जा. नुसती सही तर आहे."

ती कागद तसाच ठेवून निघून गेली आणि तिच्यामागून मायलेकही गेले. फिलिपाबाईंनी मासळीचा वास जावा म्हणून माझ्यावर सुवासाचा फवारा मारला, मला परत प्रिंटरशेजारी लोटलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाल्या, "दुसरीकडे मिळेलही त्यांना पाचावर. आपण कशाला सांगायचं?" ह्या बाईचा मला अजून संताप येतो.

पुढे पेढीच बंद झाली. आम्हाला फूटपाथवर काढलं, हवं त्याने न्यावं म्हणून. पावसात भिजत होते, तेवढ्यात ग्लेन आणि ओराथाई समोरून आले.

"ही कशाला? लंगडी आहे," ग्लेन म्हणाला.

"माहीत आहे. मी बसलेय हिच्यावर."

तिने मला घरी नेलं. तिच्याच घरी, बरं का. एका दलालाने दुसरी पेढी शोधून दिली होती. तिथे तिचा व्हिसाही चालला आणि पगारही धरला. ग्लेनला आईला नाही म्हणायला बरेच दिवस लागले, पण म्हणाला एकदाचा. घर दोघांच्या नावावर आहे. ओराथाईने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली दिली, आणि ती बसली की मी आता सरळ उभी असते.

रविवारी मॉरीन जेवायला येते. पहिल्या रविवारी ती टेबलाशी बसायला निघाली, तर ओराथाईने वाकून माझ्या पायाखालचा पुठ्ठा काढला आणि मला वॉशिंग मशीनच्या बाजूला मांडलं.

"आई, तुम्ही इथे बसा."

मॉरीन बसली. मी जीव तोडून डगमगले.

"ही हलते गं."

"हो," ओराथाई बटाटे वाढत म्हणाली. "सवय होते."

मित्रांनो, कुणाला बाजूला बसवायचंच असेल तर खुशाल बसवा. फक्त ती खुर्ची आधी नीट करून ठेवा. पुढेमागे तिच्यावर तुम्हालाच बसावं लागतं.