सात फेऱ्या, सगळ्या उजव्या

बसा. स्टूल आधी पुसून घ्या, ग्रीस लागलंय त्याला. तुमची गाडी बघतोच, पण त्याआधी एका चमत्काराची गोष्ट ऐका. त्यात शेण मी खाल्लंय, म्हणून मीच सांगितलेली बरी.

त्या दिवशी या समोरच्या मैदानात शे-दीडशे माणूस जमलेलं. मधोमध माझ्या वहिनीची व्हॅन, शाळेच्या पोरांची ने-आण करायची. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून बाहेरून आलेले एक महाराज उभे. व्हॅन वळताना कटकट वाजायची. मी दोनदा गिअरबॉक्स खोलला, आवाज जागच्या जागी. महाराज म्हणाले, लोखंडालाही राग येतो, तो मी उतरवतो. मी अख्खा गिअरबॉक्स उतरवला तरी उतरला नव्हता तो!

"सात फेऱ्या मारा," ते म्हणाले, "घड्याळाच्या काट्यासारख्या."

वहिनीने मारल्या. गाडी गप्प. लोक पायांवर लोळले. मीही हात जोडले.

वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, त्यांचं राहू द्या. तुम्ही सांगा, उद्या पोरं बसवू?"

मला ठाऊक होतं हो. काट्यासारख्या म्हणजे सगळ्या उजव्या, आणि व्हॅन वाजायची डावीकडे वळताना. सकाळी महाराज इथे पाणी प्यायला आले, तेव्हा गाडी कधी वाजते हे त्यांनी सहज विचारलं आणि मीच ते सांगून बसलो. पण ते बोललो असतो, तर गिअरबॉक्स मी उगाच खोलला हेही उघड झालं असतं, आणि चारचौघांत ते कोण कबूल करणार?

"बसवा," म्हणालो.

मैदानाचं फाटक डाव्या हाताला. वहिनीने गाडी तिकडे वळवली आणि कट-कट-कट. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. वहिनी शांतपणे म्हणाली, "मग सात फेऱ्या डावीकडून मारते. तुम्ही शेजारी बसा." महाराजांना एकदम कुठलंसं काम आठवलं.

मी गाडीखाली शिरलो. आधीच शिरायला हवं होतं. उजव्या चाकाजवळ एक्सलचा सांधा, त्यावरचं रबर फाटलेलं, ग्रीस उडालेलं, आत रेती, गोळ्या झिजलेल्या. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर येतो, सांधा ओरडतो. उजवीकडे वळलं की गप्प. एवढाच चमत्कार. भर रस्त्यात तुटला असता, तर आत पोरं असती.

नवा सांधा बसवला, आवाज गेला. वहिनी एवढंच म्हणाली, "महाराज परका होता, भाऊजी." तेव्हापासून ती गाडी दुसरीकडे दाखवते.

म्हणून एक काम करा माझं. कुणी काही सरळ करून दाखवलं, की त्याला उलटंही करून दाखवायला लावा. महाराज असो, नाहीतर मी. आणि आता तुमची गाडी काढा. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून. मी शेजारी बसतो.