उशिरा भरलेला पट

बैलांच्या शर्यतींवरच्या बंदीमुळे आमच्या गावचा शंकरपट कित्येक वर्षं भरला नाही. तरी सासऱ्यांनी, बकारामजींनी, आपली शर्यतीची जोडी कधी नांगराला जुंपली नाही, दावणीलाच राखली. "पटाचे बैल हायेत. एकडाव तरी पळतीनच," म्हणत. वाट पाहता पाहता बैल म्हातारे झाले.

यंदा पट भरला. निवड फेरीत सासरे हट्टानं स्वतःच छकड्यावर बसले. जोडी थोडी धावली, मग चालूच लागली.

"बुढा, वरात काढून राहिला का?" गर्दीतून कोणी ओरडलं.

सासरे उतरले. धापा टाकणाऱ्या बैलांचे गळे कुरवाळत, पायीच त्यांना बाहेर घेऊन आले.

माझ्या कडेवरून लेकीनं विचारलं, "आबाजी, उद्या पळवाल?"

"नाही माय," ते म्हणाले. "मीच उशीर केला. त्यायले वावरात तरी हिंडू द्याचं होतं."